लाल बाटलीखालची फक्की

१

मंगळवारी सकाळी सव्वाआठला बायजाबाईच्या गेटसमोर कुत्र्याच्या पंजाचा एकही ठसा नव्हता. मी वहीत तिच्या घरापुढे शून्य लिहिलं, मोबाईलवर फोटो काढला आणि सवयीने आत हाक मारली, "बायजाबाई, शून्य!" रोज सकाळी मी आकडा सांगायचा आणि तिने "मेल्यांनो, तुम्हाला दुसरा उद्योग नाय का?" म्हणायचं, असं आमचं पंधरा दिवस चाललं होतं.

त्या दिवशी उत्तर आलं नाही.

ती ओटीवरच होती. भिंतीला टेकून बसल्यासारखी, पण मान एका बाजूला कललेली आणि ओठांच्या कडेला फेस वाळलेला. उजव्या हाताशी स्टीलचा पेला आडवा पडला होता. पांढऱ्या लादीवर लाल रंगाचे तीन-चार थेंब सुकले होते. आणि दहा हातांवर, गेटच्या खांबाला, आमची लाल पाण्याची बाटली लटकत होती.

मी जागचा हललो नाही. भिंतीजवळ सुक्या मासळीचा वास येत होता आणि त्याखाली आणखी कसला तरी उग्र वास. पण बायजाबाईच्या दारात वासाची चौकशी कोणी करत नसे, मीही केली नाही. हे पुढे मला फार लागलं.

समोरच्या घरातून सगुणा धावत आली. तिने आधी बायजाबाईकडे पाहिलं, मग पेल्याकडे, मग बाटलीकडे आणि शेवटी माझ्याकडे.

"अय्यूबचाचा, तुमच्या बाटलीतला प्याली का ही?"

दहा मिनिटांत आळी गोळा झाली. तोवर हा प्रश्न राहिला नव्हता, त्याचं उत्तर होऊन बसलं होतं.

२

मी अय्यूब. राहणार रोहा. कुवेतला तेलाच्या कंपनीच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं बाटल्या भरल्या. नमुना घ्यायचा, चिठ्ठी लावायची, आकडा आला तसा लिहायचा. साहेबाला आवडो न आवडो. निवृत्त होऊन घरी आलो आणि बायको म्हणाली, आता माझ्या डब्यांना चिठ्ठ्या लावू नका. म्हणून पेणच्या निशिगंधा मोकल मॅडमना जाऊन मिळालो.

मॅडम पेणला शाळेत विज्ञान शिकवतात. मोबाईलवर जे काय फिरतं ते खरं की खोटं हे स्वतः करून बघायचं, हा त्यांचा छंद. बगलेत कांदा ठेवला की ताप चढतो म्हणतात ना? कोलाडच्या एका हॉटेलात आम्ही तीन धडधाकट माणसं दोन तास कांदे धरून बसवली. ताप कोणालाच आला नाही, फक्त त्यांच्या बायका दोन दिवस जवळ फिरकल्या नाहीत. मग भिजलेला मोबाईल तांदळात, मग चाकाखाली लिंबू. लोक हसायचे, चहा द्यायचे. आमच्या प्रयोगाने कोणाचं काही बिघडत नाही असं आम्हाला वाटायचं.

नंतर लाल बाटली. गेटला लाल पाण्याची बाटली टांगली की कुत्री फिरकत नाहीत, हे आमच्याकडे अर्ध्या घरांना पटलेलं. रोह्याजवळच्या वरसे गावातली ही आळी आम्ही निवडली. दहा घरं, पाचांना लाल पाणी, पाचांना साधं. लाल रंग खायचा, जिलबीत घालतात तोच, कारण पोरंटोरं असतात. रोज संध्याकाळी सहाला मी प्रत्येक गेटसमोर आणि भिंतीलगत फक्की पसरायचो, मैदान आखायला वापरतात ती पांढरी पूड. सकाळी आठला येऊन पंजांचे ठसे मोजायचे आणि फोटो काढायचा. सोपं काम होतं.

अकरावं घर सुशीलचं, आळीच्या तोंडाशी. त्याला आम्ही हात लावला नाही. गेल्या पावसाळ्यात त्याच्या चार वर्षांच्या थोरल्या मुलीला कुत्र्याने तोंडाला चावलं होतं. इंजेक्शनं झाली, सगळं झालं, पण पोर राहिली नाही. नंतर त्याच्या बायकोने, रोहिणीने, गेटला लाल बाटली बांधली. ती सोडायचं तिला कोण सांगणार? मी सकाळी मोजायला जाई तेव्हा तिची धाकटी अंगणात मातीत खेळत असे आणि रोहिणी दाराच्या चौकटीत उभी. एक हात कमरेवर, दुसरा दारामागे. मी सलाम करायचो, ती मान हलवायची.

पहिल्या आठवड्यात लाल घरांपुढे बत्तीस ठसे, साध्यांपुढे तीस. म्हणजे फरक नाही. रविवारी मॅडमनी सुशीलच्याच अंगणात सगळ्यांसमोर ते वाचून दाखवलं. रोहिणी चहा अर्धा टाकून आत निघून गेली.

दुसऱ्या आठवड्यात लाल घरांपुढे शून्य. सातही दिवस, पाचही घरं, शून्य. पोपट किराणावाला तयार लाल बाटल्या विकतो. तो आम्हाला हसून हसून बेजार झाला. मॅडम मात्र हरखल्या. "चाचा, आपण चुकलो असू तर चुकलो म्हणू," त्या म्हणाल्या. "आता बाटल्यांची अदलाबदल करून बघू." त्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी दुपारी, आम्ही लाल बाटल्या साध्या घरांना दिल्या आणि साध्या लाल घरांना. बायजाबाईकडे साधी होती, तिला लाल आली.

मंगळवारी ती मेली.

बुधवारी डॉक्टरांनी तोंडी सांगितलं, विषबाधा. बायजाबाईचा पुतण्या आदेश पोलीस ठाण्याच्या दारात उभा राहून ओरडत होता, "मास्तरणीनं आमची म्हातारी प्रयोगाला वापरली!" शाळेने मॅडमना घरी बसायला सांगितलं. पेणला त्यांच्या दारावर कोणीतरी लाल रंगाची बाटली फोडली.

फौजदार सुरभी म्हात्रे सरळ बाई. त्यांनी मला बसवलं आणि म्हणाल्या, "चाचा, बाटलीचा अहवाल यायला महिना लागेल. लोक तोवर थांबणार नाहीत. शुक्रवारी मला मॅडमवर गुन्हा नोंदवावा लागेल. बाटली त्यांची, रंग त्यांचा, पेल्यात लाल पाणी. तुमच्याकडे दुसरं काही आहे का?"

माझ्याकडे एक वही होती, आणि दोन दिवस.

३

मॅडम गुरुवारी सकाळी माझ्या घरी आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते. "चाचा, मी रंग तपासला होता ना?" हे त्या तिसऱ्यांदा विचारत होत्या. "माझ्या हातून काही दुसरं पडलं असेल का?"

"मॅडम," मी म्हणालो, "तुम्ही वर्गात काय शिकवता? करून बघा. चला."

सगुणाकडून चिमूटभर खायचा सोडा घेतला. पोलीस पेला घेऊन गेले होते, पण ओटीवरचे थेंब तसेच होते. फौजदारबाईंना बोलावून त्यांच्या डोळ्यांसमोर मी आधी दुसऱ्या घरच्या लाल बाटलीतले चार थेंब लादीवर टाकले, सुकू दिले, आणि दोन्हींवर सोड्याचं पाणी सोडलं. आमच्या रंगाला काही झालं नाही, लाल तो लाल. बायजाबाईच्या पेल्यातला डाग मात्र बघता बघता काळपट हिरवा झाला.

"कोकम!" मॅडम जवळजवळ ओरडल्या. "हा रंग नाही, हे आगळ आहे. तिने सरबत घेतलं होतं. बाटलीला तोंडही लावलेलं नाही!"

फौजदारबाईंनी डागाचा फोटो काढला आणि विचारलं, "आगळ कोणी दिलं तिला?"

सगुणा मागे उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. "आदेशनं. सोमवारी दुपारी बाटली घेऊन आलेला. हा घर इकून टाक म्हणत व्हता, बिल्डर मागं लागलाय म्हणून. लय भांडली दोघं."

४

आदेशला बोलावलं तेव्हा त्याचा आवाज गेला होता.

"व्हय, भांडलो," तो म्हणाला. "पण आगळाची बाटली माझ्या आईनं दिलेली. तिनं मला पण सरबत केलं, मी समोर बसून प्यालो. अर्धी बाटली आमच्याच घरी हाय. तपासा. मारायची असती तर तिच्याच हातचं पाणी कशाला प्यालो असतो?"

तो खोटं बोलत असेल, किंवा नसेल. मला त्याचा राग येत होता, पण राग हा काही नमुना नव्हे. मी परत आळीत गेलो आणि सगुणाच्या ओट्यावर बसलो.

"सगुणा, सोमवारी तिने काय काय केलं, सकाळपासून सांग. काही सोडू नकोस."

"काय करणार? म्हातारी ती. मनीला दूध घातलं..."

"मनी कुठे आहे?"

"मांजर?" तिने तोंड वाकडं केलं. "ती पण मेली की. न्हाणीच्या मागं पडलेली मंगळवारी. आदेशनं पुरली. म्हातारी गेली त्या गडबडीत मांजराचं कोण बघतंय, चाचा?"

मी वही मिटली. मांजर आगळ पीत नाही. लाल पाणी तर त्याहून नाही. म्हातारी आणि मांजर एका पंगतीला बसतात ते एकाच गोष्टीसाठी.

"रात्री जेवण काय होतं तिचं?"

"भाकरी, सरबत आणि बोंबील. निखाऱ्यावर भाजलेले. काटे मनीला."

"सुके बोंबील कुठे वाळत घालायची ती?"

"पाठी, परसात. काठी घेऊन राखत बसायची. पण सोमवारी पुढं घातले, भिंतीवर." सगुणाने बोट दाखवलं. बाटलीच्या अगदी खाली, कंपाउंडच्या भिंतीचा तो सपाट माथा. "लय खूश व्हती. म्हणाली, आता लाल बाटली आली गो, कुत्रा नाय येणार, मला राखत बसाया नको. दिवसभर वाळत व्हते."

"भाजताना वास नाही आला तिला? किंवा तुला?"

"तिला कुठला वास? करोना झाल्यापास्नं तिचं नाक गेलेलं. नासलेला दूध पण पिऊन टाकायची. मला आला, पण मी म्हटलं बोंबलाचाच."

मला भिंतीजवळचा तो मंगळवारचा उग्र वास आठवला. माझं नाक तर शाबूत होतं.

मी भिंतीपाशी गेलो. माथ्यावर पिवळसर ओघळ सुकलेले होते. कापसाचा बोळा फिरवला, पिशवीत घातला, चिठ्ठी लावली. सव्वीस वर्षांची सवय. मग पोपटच्या दुकानाकडे निघालो, कारण लाल बाटली जिंकावी असं वाटणारा मला तेव्हा तो एकटाच माहीत होता.

पोपट शेंगदाणे मोजत होता. "चाचा, माझ्या बाटल्या खपल्या म्हणून मी म्हातारीला मारीन? तीस रुपयाची बाटली!" त्याच्या पायांत रबरी चप्पल होती, अंगठा तुटलेली, तारेने शिवलेली. "दुकानातनं उठलो तर गिऱ्हाईक जातं. मी रात्रीबेरात्री भिंती भिजवत फिरतो का?"

"भिंतीचं मी तुला काही बोललोच नव्हतो," मी म्हणालो.

त्याने तागडी खाली ठेवली.

"मी बघितलं नाय," तो म्हणाला. "पण एकदा दुकान बंद करताना कोणीतरी भिंतीपाशी उभा व्हता. पाठमोरा. मला वाटलं लघवीला उभा हाय. कोण ते इचारू नका, चाचा. मला म्हायती नाय, आणि असतं तरी सांगितलं नसतं."

५

संध्याकाळी मी वही आणि मोबाईल घेऊन बसलो. मॅडम समोर.

"मॅडम, सात दिवस, पाच घरं, पस्तीस वेळा शून्य. तुम्ही कधी एवढं साफ उत्तर बघितलंय?"

"मी तेव्हाच विचार करायला हवा होता," त्या म्हणाल्या. "खऱ्या प्रयोगात एखादं तरी कुत्रं वाट चुकून येतं."

"आता अदलाबदलीनंतरचं बघा. नवी लाल घरं शून्य, ठीक. पण ज्या घरांची लाल बाटली आपण काढली तिथे? सोमवारी एक ठसा, मंगळवारी दोन. पाच घरं मिळून. पहिल्या आठवड्यात तिथेच दिवसाला चार-पाच असायचे."

मॅडमनी वही जवळ ओढली. "म्हणजे बाटली काढली तरी कुत्री घाबरतच होती."

"म्हणजे कुत्र्यांना पळवणारी गोष्ट बाटलीत नव्हती. ती मागे उरणारी होती. भिंतीवर, जमिनीवर. दुसऱ्या आठवड्यापासून कोणीतरी रोज लाल बाटलीखाली काहीतरी उग्र, विषारी फवारत होतं. रविवारी बायजाबाईची पाळी आली, आणि सोमवारी तिने बाटलीवर विश्वास ठेवून तिथेच मासळी पसरली."

मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं बोलवलं नसतं.

मोबाईलमधले फोटो मी पुन्हा एकेक उघडले. आम्ही पंधरा दिवस कुत्रीच मोजत होतो. माणसांचे ठसे फक्कीत होतेच, पण ते आमच्या कामाचे नव्हते म्हणून बघितले नव्हते. दूधवाल्याची चप्पल दहाही घरांपुढे. पेपरवाल्याचा बूट दहाही घरांपुढे. आणि एक जाड तळव्याचा, खोल खाचांचा बूट, डाव्या टाचेचा तुकडा उडालेला. तो फक्त लाल घरांपुढे. दुसऱ्या आठवड्यात जुन्या पाचांपुढे, रविवारनंतर नव्या पाचांपुढे. पहिल्या आठवड्यात एकाही घरापुढे नाही. आणि प्रत्येक फोटोत बुटाचं टोक भिंतीकडे. गेटात शिरणारा माणूस गेटाकडे तोंड करून चालतो. हा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता.

"हा सेफ्टी शूज आहे," मी म्हणालो. "कंपनीत घालतात. मी सव्वीस वर्षं घातलाय."

"आळीत कंपनीत कोण जातं?" मॅडमनी विचारलं.

एकच जण जात होता. थर्ड शिफ्टला. रात्री साडेनऊला घरातून निघायचा, मी फक्की पसरून गेल्यावर आणि कुत्री मोकाट सुटायच्या आधी.

६

शुक्रवारी सकाळी साडेआठला मी सुशीलच्या घरी गेलो. बूट पायरीवर होते. उचलून बघितले. डाव्या टाचेचा तुकडा नव्हता आणि तळव्याच्या खाचांत पांढरी फक्की घट्ट बसलेली होती.

तो शिफ्टवरून येऊन अंगणात बाजल्यावर बसला होता. बूट माझ्या हातात दिसला तसा त्याने मान खाली घातली.

"मी बाटलीत काय टाकलं नाय, चाचा."

"ठाऊक आहे. भिंतीवर टाकलंस."

"मंगळवारपास्नं जेवलो नाय मी," तो म्हणाला. "बाटलीतलं प्याली म्हणाले तेव्हा जरा बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं. मग मांजराचं कळलं."

"काय होतं ते?"

"जिते गावात माझा भाऊ वालाच्या पिकावर फवारतो ते औषध. पाणी न घालता मारायचो, वास टिकावा म्हणून. बायजाबाईकडं पहिलाच दिवस, म्हणून जरा जास्तच मारलं." त्याने हात बाजल्यावर पालथे ठेवले. "ती मासळी पाठी घालते, चाचा. मला ठाऊक व्हतं ती पाठी घालते. पुढं कशापायी घातली तिनं?"

तिने पुढे घातली कारण तुझ्यामुळे लाल बाटली जिंकत होती, हे मी त्याला सांगू शकलो नाही.

"का केलंस, सुशील?"

त्याने घराच्या दाराकडे बघितलं. दार बंद होतं.

"थोरली गेली ना, तेव्हा रोहिणी तीन महिने दार लावून बसली. धाकटीला उंबऱ्याच्या भायेर काढीना. उन्हाचं तोंड बघितलं नाय पोरीनं. मी शिफ्टला गेलो की कडी. मला मशीनवर उभं राहवत नव्हतं. मग पोपटकडनं ती बाटली आणली तिनं, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडलं. धाकटी अंगणात खेळाया लागली. मला वाटलं, देवानं बघितलं आपल्याकडं." त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही येऊन वाचून दाखवलंत. बत्तीस आणि तीस. ती उठून आत गेली. दार बंद. पोर आत. मी म्हटलं, आता परत ते सगळं. त्याच सांजेला भावाकडनं औषध आणलं."

"म्हणून तू बाटली खरी करून दाखवलीस."

"आठ-पंधरा दिवस तुमचा प्रयोग चालणार, तेवढंच म्हटलं. तिला दिसू दे शून्य. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तिनं, चाचा. उघडलं!"

मी कुवेतला एकदा चुकीचा आकडा लिहायला नकार दिला होता आणि त्याचा मला कायम अभिमान होता. त्या अंगणात तो मला पुरला नाही. आम्ही दोघं शहाणी माणसं एका आईच्या दारात जाऊन कुत्री मोजत बसलो होतो, आणि तिच्या दारात कोणाचा जीव टांगला आहे हे विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

"चल," मी म्हणालो. "मॅडमवर आज गुन्हा नोंदवणार आहेत. तू स्वतः चल."

तो उठला. बूट घालायला वाकला आणि मग अनवाणीच निघाला. गेटपाशी वळून म्हणाला, "तिला बाटलीचं काय सांगू नका. तेवढं तरी राहू दे."

७

मॅडमवर गुन्हा नोंदवला गेला नाही. सुशीलवर नोंदवला गेला. फौजदारबाईंनी माझा बोळा पुराव्यात जमा करून घेतला आणि वहीसुद्धा, पण त्याआधी मी पानांचे फोटो काढून ठेवले. मॅडम पेणला शाळेत परत गेल्या. त्या दिवशी त्यांनी मुलांना काहीच शिकवलं नाही असं मला नंतर कळलं.

आठवड्याने मी बाटल्या उतरवायला आळीत गेलो. नऊ घरच्या उतरवल्या. बायजाबाईची पोलिसांकडे होती. सुशीलच्या गेटपाशी थांबलो. धाकटी अंगणात मातीत खेळत होती. रोहिणी चौकटीत उभी, एक हात कमरेवर, एक दारामागे, नेहमीसारखी. आत जावं की पळावं मला कळेना.

"या, चाचा," ती म्हणाली. "ती पण काढा. बाटली."

"राहू दे," मी म्हणालो. "असू दे की तुझी."

"कशाला? बाटलीनं कुत्रा जात नाय, मला ठाऊक हाय."

"कधीपासून?" मी विचारलं.

"बांधली त्याच दिवशी पिवळा कुत्रा तिच्याखाली येऊन बसला," ती म्हणाली. "म्या हाकलला. ह्यांना सांगितलं नाय. ते कंपनीत जाईनात, रात्री झोपेत ओरडायचे. माझं दार बंद बघितलं की त्यांचा जीव आत ओढायचा. म्हणून म्या म्हटलं, बाटली बांधली, आता भ्या नाय. दार उघडलं. ते कामावर जाया लागले."

"आणि त्या रविवारी? तू उठून आत गेलीस..."

"पोरीला ताप व्हता. दोन दिवस. ह्यांना बोलले नाय, काळजीनं मशीनमधी हात जाईल म्हणून. दार लावलं, वारा लागू नये म्हणून."

तिने दारामागचा हात पुढे काढला. हातात बांबूची काठी होती. धरायच्या जागी ती काळी, गुळगुळीत झाली होती.

"सकाळपास्नं सांजपर्यंत उभी असते मी," ती म्हणाली. "तुम्ही रोज सलाम करायचात ना, चाचा, तेव्हा पण हातात हीच असायची. कुत्रं असं जातं. तुम्ही इचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मी खिसा चाचपला. वही पोलिसांकडे होती. लिहायलाही काही नव्हतं. गेटच्या खांबाला बांधलेली सुतळी मी सोडू लागलो. गाठ उन्हाने घट्ट झाली होती आणि बराच वेळ सुटेना. रोहिणी काठी घेऊन तशीच उभी राहिली, पोरीवर नजर ठेवून.